वंशावळ तुमची छापली, तिची खोडली
(एका लिलावगृहाच्या सूचीकारास अनावृत पत्र)

महोदय,

‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ अशी सुरुवात करायची आमच्याकडे रीत आहे. या खेपेला ‘सप्रेम’ गाळते आहे, तेवढं समजून घ्या. भांडायचंच असतं तर दोन ओळींत भांडून मोकळी झाले असते. मला वाईट वाटलंय, आणि ते सांगायला जरा जास्त कागद लागतो.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमची गिऱ्हाईक नाही आणि व्हायची ऐपतही नाही. माझा भाचा ब्रसेल्सला नोकरीला आहे. तिथल्या जुन्या बाजारात तुमच्या लिलावगृहाच्या मागच्या सूच्या कवडीमोलानं मिळतात, त्या तो सुट्टीवर येताना माझ्यासाठी घेऊन येतो. बॅगेत चॉकलेटं कमी आणि पुस्तकांचं वजनच जास्त, म्हणून घरचे त्याला बोलतात. आफ्रिकेच्या कलेबद्दल मराठीत वाचायला फारसं मिळत नाही. त्यामुळे मी जे काही शिकले ते तुमच्या सूच्यांवरच. कॉंगोतल्या लुबांची मूर्ती कोणती नि हेंबांची कोणती, सोंग्ये मुखवट्यावरच्या रेघा कशा ओळखायच्या, कुबांचे लाकडी पेले कसे असतात, हे सगळं तुमच्या पानांवर बोट ठेवून शिकले. तुम्ही लिहिताही चांगलं. पेल्याच्या काठावरची बारीक चीर तुम्ही लपवत नाही. म्हणून तुमच्यावर विश्वास बसला होता.

ताज्या सूचीत तुम्ही लुबांची एक अधिकारकाठी काढली आहे. तिचं छायाचित्र दोन पानं भरून आहे, आणि छायाचित्रकाराला मानलं पाहिजे. सगळ्यात वर दोन स्त्रिया पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. पापण्या मिटलेल्या, तळवे स्वतःच्या छातीवर, केसांची मागच्या बाजूला चौफुल्यासारखी गुंफण. त्यांच्या पायांखाली काठी एकदम रुंदावते, चपटी होते, आणि त्या चपट्या अंगावर त्रिकोण, चौकटी आणि तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. मग लांबच लांब साधा दांडा, काहीएक न कोरलेला, त्याच्या थोड्या भागावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. पुन्हा एक रुंद पातं, पुन्हा साधा दांडा. खाली लोखंडी टोक होतं ते निघून गेलंय, नुसती खोबण उरली आहे. रेघा सगळीकडे सारख्या खोल नाहीत. वरच्या पात्याची उजवी कड तर इतकी गुळगुळीत झाली आहे की तिथल्या त्रिकोणांची टोकं दिसतच नाहीत. बोलता बोलता कुणाचा तरी हात पिढ्यान्‌पिढ्या तिथे पडत असणार.

या झिजेला तुम्ही ‘मनोहर जुनी झळाळी’ म्हटलंय. असू द्या, माल विकायचा म्हणजे चार शब्द गोड लिहावेच लागतात.

मला लागलं ते त्याखालचं. ‘मालकीचा इतिहास’ या मथळ्याखाली तुम्ही ओळींवर ओळी दिल्या आहेत. वसाहतीतला एक बेल्जियन अधिकारी, त्याची मुलगी, ब्रसेल्सचा एक संग्राहक, पॅरिसचा एक व्यापारी, अमेरिकेतलं एक कुटुंब. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, मधल्या काळात कोणत्या प्रदर्शनात कितव्या क्रमांकाला, सगळं बिनचूक. आणि ज्यांची ही काठी, त्यांच्या वाट्याला दोन शब्द: ‘लुबा, कॉंगो’. कोरणारा ‘अज्ञात’. बाकी काही नाही.

अहो, ही काठी म्हणजेच मालकीचा इतिहास आहे! ती त्यासाठीच कोरली होती. हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. मेरी नूटर रॉबर्ट्स आणि अ‍ॅलन रॉबर्ट्स यांनी लुबांच्या स्मृतिकलेवर १९९६ साली न्यूयॉर्कला केलेलं प्रदर्शन आणि त्यासोबतचा जाडजूड ग्रंथ तुमच्या धंद्यात कुणी वाचला नसेल असं होणारच नाही. तुमच्या टिपणातही त्याचा उल्लेख आहे. म्हणजे वाचलंत, आणि तरी हे असं छापलंत.

तुमच्या सूचीत जे नाही ते मीच थोडक्यात लिहिते; आमच्या मराठी वाचकांसाठीही ते लागेल. आजच्या कॉंगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेयेला, लुआलाबा नदीच्या वरच्या अंगाला, उपेम्बा सरोवराच्या आसपास लुबांचा मुलूख. तिथल्या सांगा या ठिकाणी पुरातत्त्वज्ञांनी दफनं उकरली, तेव्हा हजार वर्षांमागच्या थडग्यांत तांब्याचे दागिने आणि समारंभात मिरवायच्या लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या. अधिकाराची चिन्हं हाती धरायची तिथली परंपरा इतकी जुनी. लुबांची राज्यकथा सांगते की न्कोंगोलो हा उर्मट राजा आधी होता. पूर्वेकडून म्बिदी किलुवे नावाचा सभ्य शिकारी आला, न्कोंगोलोच्या बहिणीच्या पोटी त्याचा मुलगा कलाला इलुंगा जन्मला, आणि त्यानं मामाला हरवून खरी राजसत्ता उभी केली. पुढं जो तो लहानमोठा मुखिया आपलं घराणं या कथेला कुठं जोडलं जातं ते दाखवू लागला. आपले पूर्वज कुठून निघाले, कुठं थांबले, कोणत्या राजानं त्यांना पद दिलं. हे ज्यात सांगायचं ती ही काठी. लुबा तिला ‘किबांगो’ म्हणतात.

ज्याला पद मिळालं तो कोरणाऱ्याकडून काठी करून घेई किंवा वाडवडिलांची वारशानं घेई. पदाची शपथ घेताना ती हातात धरायची, मिरवणुकीत पुढं न्यायची, बसल्या जागी शेजारी जमिनीत रोवायची. आणि वाचायची. तुमच्या छायाचित्रातली कोरलेली रुंद पाती ही राज्यकारभाराची ठाणी. मधला साधा दांडा म्हणजे ठाण्याठाण्यांमधलं ओसाड गवताळ रान, ज्यातून वाट काढत पूर्वज गेले. तुमच्या टिपणात त्या दांड्याला ‘विश्रांत अवकाश’ म्हटलंय. तो विश्रांत नव्हता हो. तीच पायपीट होती. रेघांची जाळी हीसुद्धा निव्वळ नक्षी नव्हे. तशीच नक्षी लुबा स्त्रिया अंगावर गोंदल्यासारखी कापून घेत, आणि ‘लुकासा’ नावाच्या स्मृतिफळीवरही ती असते. राज्याचा इतिहास मुखोद्गत ठेवणारी ‘म्बुद्ये’ ही मंडळी लुकासावरच्या मण्यांवरून बोट फिरवत तो सांगत. काठी तेच काम एका घराण्यापुरतं करायची. म्हणून एकीसारखी दुसरी नसते.

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात. सुगी झाली की दारात उभं राहून तुमच्या घराण्याचे मूळ पुरुष, ते कुठल्या गावाहून आले, कुणाला किती मुलं, कोणती शाखा कुठं गेली, असं घडाघडा सांगतात. धान्य घेतात आणि पुढच्या दाराला जातात. माझ्या आजोळी हेळवी आला की आजोबा हातातलं काम टाकून ऐकायला बसत. समजा, त्या हेळव्याची चोपडी कुणी उचलून परदेशी नेली आणि कातडी बांधणी छान आहे म्हणून काचेत मांडली, खाली तीन खरेदीदारांची नावं लिहिली, तर आजोबांना काय वाटलं असतं? मला वाटतंय ते तेच.

त्या दोन स्त्रियांबद्दलही एक बोलायचंय. ‘नजाकतदार नग्न आकृती, सुफलतेचं प्रतीक’ एवढ्यावर तुम्ही त्यांना उरकलंत. आफ्रिकेतली बाई कोरलेली दिसली की सुफलता लिहून मोकळं व्हायचं, ही तुमच्या सगळ्यांचीच खोड. लुबांच्या समजुतीत राजाचा आत्मा पेलण्याचं बळ बाईच्या देहात असतं. राजा वारला की त्याचा आत्मा एका स्त्रीत उतरतो, तिला ‘म्वादी’ म्हणत. दिवंगत राजाचं ठाणं ती सांभाळी, नवा राजा दुसरीकडे आपलं ठाणं मांडी. छातीवर ठेवलेले हात राजसत्तेची गुपितं राखताहेत. ज्या मुलखात सत्तेचं गुपित बाईच्या छातीत ठेवायचं, त्या मुलखाची काठी विकताना तुम्हाला तिची फक्त छाती दिसली. बाई म्हणून हे मला जास्त झोंबलं, लपवत नाही.

आता ‘कोरणारा अज्ञात’ याविषयी. अज्ञात कुणाला? घेणाऱ्यानं विचारलं नाही, म्हणून अज्ञात. तुमच्याच बेल्जियमचे कला-अभ्यासक फ्रान्स ओल्ब्रेख्त्स यांनी १९३०च्या दशकात कॉंगोतल्या बुली गावाशी जोडलेल्या मूर्ती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. लांबट, ओढलेले चेहरे बघून त्यांनी सांगितलं, हा एका हाताचा (किंवा एका कर्मशाळेचा) ठसा आहे. आफ्रिकेच्या कलेत एखादा कलावंत असा वेगळा ओळखण्याचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. नंतर तिथल्या लोकांकडून ‘न्गोंगो या चिंतू’ हे नावही पुढं आलं. म्हणजे विचारलं तर नाव सापडतं. तुम्ही छायाचित्रावर जेवढा खर्च केलात, त्याच्या निम्मा विचारपूस करण्यावर केला असतात तर?

तुमचं उत्तर मला पाठ आहे: काठी कायदेशीर मार्गानं घेतलेली आहे, कागद स्वच्छ आहेत. असतीलही. ही काठी लुटीची आहे असा आरोप मी करत नाही. काही काठ्या विकत घेतल्या गेल्या, काही भेट मिळाल्या, काही वारसदारांनी नवा धर्म घेतल्यावर स्वतःच टाकून दिल्या. पण तो काळ कसा होता हेही त्याच पानावर लिहा ना. टांगानिका सरोवराच्या पश्चिम काठावर, लुबांच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांत, ताब्वांच्या मुलखात, एमिल स्टॉर्म्स या बेल्जियन अधिकाऱ्यानं डिसेंबर १८८४ मध्ये लुसिंगा या मुखियावर हल्ला चढवला. लुसिंगाचं डोकं कापलं गेलं आणि कवटी बेल्जियमला गेली. त्याच्या पूर्वजाची लाकडी मूर्तीही गेली, ती आज ब्रसेल्सजवळच्या तेर्व्हुरेनच्या आफ्रिका म्युझियममध्ये आहे. लुसिंगाही काही संत नव्हता, गुलामांचा व्यापार करायचा. तरी मूर्तीच्या खाली ‘स्टॉर्म्स संग्रह’ इतकंच लिहिलं तर ते खरं होतं का? ब्रसेल्समधला स्टॉर्म्सचा अर्धपुतळा २०२२ साली काढला गेला. तुमच्या सूच्यांमधले ‘संग्रह’ मात्र जिथल्या तिथं आहेत.

लुबांकडून तलवार न उपसताही बरंच काही हिरावलं गेलं. लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीच्या कॉंगोत, आणि १९०८ नंतर बेल्जियमच्या वसाहतीत, सरकार ज्याला मुखिया मानेल त्याच्या गळ्यात पदक घालायची पद्धत पडली. ज्याच्या हाती काठी त्याचा अधिकार, ही जुनी रीत मागं पडली आणि ज्याच्या गळ्यात पदक तो मुखिया झाला. वंशावळ आता काठीवर न राहता सरकारी दप्तरात लिहिली जाऊ लागली. काठीला मागणी राहिली ती युरोपात. आणि त्या काठीभोवतीची तार? ते कातांगा प्रांताचं तांबं. त्याच तांब्यासाठी १९०६ साली तिथं खाणकंपनी उभी राहिली आणि तिच्या नफ्यावर ब्रसेल्समधल्या किती जणांची घरं सजली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुमच्या टिपणात तारेचं वर्णन ‘प्रतिष्ठेची धातुसजावट’ असं आहे.

तुम्ही म्हणाल, आता परत देणं सुरू झालंय. झालंय खरं, अर्धमुर्धं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमच्या पंतप्रधानांनी कॉंगोच्या पंतप्रधानांच्या हाती सुमारे ८४,००० वस्तूंची यादी दिली. त्याच वर्षी जूनमध्ये बेल्जियमचे राजे फिलिप किन्शासाला गेले आणि सुकू लोकांचा एक मोठा मुखवटा तिथल्या राष्ट्रीय म्युझियमला देऊन आले. दिला तो बेमुदत उसना. आमच्याकडे २०२४ साली वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर उसनीच. त्यामुळे आपली वस्तू उसनी मिळाली की कसं वाटतं, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. २०२२ सालीच बेल्जियमनं परतफेडीचा कायदाही केला. पण तो सरकारी संग्रहांपुरता. कुणाच्या दिवाणखान्यातल्या काठीला तो लागू नाही, तुमच्या हातोड्यालाही नाही. म्हणजे जी काठी म्युझियममध्ये आहे ती निदान कुठल्यातरी यादीत आहे. तुमच्याकडची काठी एकाच यादीत आहे, तुमच्या. म्हणून तुम्ही काय छापता याला महत्त्व.

आणि कॉंगोत वस्तू नीट सांभाळल्या जात नाहीत, हा युक्तिवाद कृपा करून नको. १९७६ ते १९८२ या काळात तेर्व्हुरेनहून ११४ वस्तू किन्शासाला दिल्या गेल्या आणि पुढच्या अंदाधुंदीत त्यातल्या कित्येक चोरीला गेल्या, हे खरं. त्यातल्या काही पुन्हा कुठं उगवल्या? पश्चिमेच्या बाजारात. चोराला गिऱ्हाईक कोण होतं, हेही सांगा मग.

लिलावाचा आमचा ताजा अनुभव आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या एका लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत ती घेतली, ४७.१५ लाख रुपये मोजून, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. लोकांना आनंद झाला, मलाही झाला. पैसे का मोजायचे हा सल राहिलाच, पण त्या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत रघुजींचं नाव होतं. लंडनच्या काचेतही ते आम्हाला ओळखता आलं. तुमच्या काठीवरही नावं आहेत, गावं आहेत. ती वाचणारं माणूस सोबत हवं, इतकाच फरक. तुमच्या हातात काठी आली आणि वाचणारा आला नाही, म्हणून तुम्ही ती कोरी आहे असं धरून चाललात. त्या कोऱ्या जागेवर अधिकारी, मुलगी, व्यापारी आणि संग्राहक यांची वंशावळ डकवलीत. आणि किंमत कशानं वाढली? लुबांच्या वंशावळीनं नव्हे. त्या पॅरिसच्या व्यापाऱ्याच्या नावानं वाढली. धंद्यातला प्रत्येकजण हे जाणतो, छापत कुणी नाही.

मी तुम्हाला लिलाव रद्द करा असं सांगत नाही. सांगितलं तरी ऐकणार नाही, आणि काठीच्या मालकाचा वकील तुमच्या दारात उभा राहील. माझी मागणी तुमच्या अखत्यारीतली आहे. ‘मालकीचा इतिहास’ या मथळ्याखाली पहिली ओळ त्या बेल्जियन अधिकाऱ्याची नको. त्याच्या वर लिहा: एका लुबा घराण्याची काठी, घराण्याचं नाव आम्ही विचारलेलं नाही. लाज वाटेल अशी ओळ आहे, ठाऊक आहे मला, तरीही छापा. ‘सुफलतेचं प्रतीक’ काढून टाका. दोन्ही पात्यांची चारी बाजूंनी जवळून छायाचित्रं काढा. तुमचा छायाचित्रकार ते सहज करील. ती छायाचित्रं, काठीची मापं आणि त्या अधिकाऱ्याची नेमणूक जिथं होती त्या ठाण्याचं नाव लुबुम्बाशीच्या राष्ट्रीय म्युझियमला आणि तिथल्या विद्यापीठाला पाठवा. अधिकाऱ्याची नेमणूक कुठं होती हे तुमच्या कागदात आहे, नाहीतर तुम्ही साल इतकं नेमकं दिलंच नसतं. त्यांना बघायला, गावोगाव विचारायला पुरेसा अवधी द्या, आणि मग काय ते विका. कदाचित कुणालाच काही सांगता येणार नाही. कदाचित एखादा म्हातारा ती जाळी बघून गावाचं नाव घेईल. विचारल्याशिवाय कसं कळणार?

लिलाव व्हायला अजून वेळ आहे आणि ईमेलला तिकीट लागत नाही. पाठवलंत की मला कळवा. पत्ता भाच्याकडून तुमच्या कार्यालयात पोचता केला आहे. पाठवणार नसाल तर तेही लेखी कळवा.

कळावे,

तुमच्या सूच्यांची एक जुनी वाचक